५९ रुपये कमी पडले, २,२५७ गेले

या आठवड्याचं पत्र नाशिकच्या सिडकोतून, पवननगरहून आलं आहे. मोठं आहे, म्हणून थोडं आवरून देते.

"ताई, मी घरी डबे करते. अंबडच्या कंपन्यांत कामाला असलेली चौदा मुलं माझ्याकडे जेवतात. पगार झाला की १० ते १२ तारखेला पैसे देतात. डबे पोचवायला स्कूटर घेतली, तिचा ३,२०० रुपयांचा हप्ता दर ५ तारखेला माझ्या खात्यातून आपोआप जातो. खातं खासगी बँकेत आहे. ऑगस्टमध्ये गॅस आणि तेल एकदम भरलं आणि ५ तारखेला खात्यात ३,१४१ रुपये राहिले. हप्ता परत गेला. बँकेनं ५९० कापले. १० तारखेला फायनान्सवाल्यांनी परत लावला, परत गेला, परत ५९० कापले. फायनान्सवाल्यांनी त्यांचे दोन वेळचे मिळून ९०० लावले. महिनाअखेरीस बँकेनं मिनिमम बॅलन्सचे म्हणून १७७ घेतले, आधी एकही मेसेज आला नाही. माझे धाकटे दीर पतसंस्थेत वसुलीला आहेत. ते म्हणतात, वहिनी, नियम म्हणजे नियम, पैसे ठेवले असते तर एक रुपया गेला नसता. मिस्टर म्हणतात, गप्प बस, झालं ते झालं. आणि आता आमच्या भागातले एका पक्षाचे कार्यकर्ते बँकांच्या दंडाविरुद्ध सभा घेताहेत, मला म्हणतात तुम्ही तुमची हकीकत सांगा, आम्ही व्हिडिओ करू. मी काय करू? आणि खरं सांगा ताई, चूक माझीच आहे का? मी हिशेबात एवढी कच्ची आहे का?"

तुम्ही नाव छापू नका म्हणालात, म्हणून मीही तुम्हाला ताईच म्हणते. पत्रासोबत स्टेटमेंटचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. मी तो मोठा करून ओळ न् ओळ वाचला. बँकेच्या काउंटरमागे माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे असे कागद वाचायची सवय हाताला आहे.

आधी ते स्टेटमेंट आपण दोघी मिळून वाचू, कारण तुमच्या पत्रात एक गोष्ट सुटली आहे.

५ तारीख. शिल्लक ३,१४१. हप्ता ३,२००. कमी किती, तर ५९. बँकेचा दंड ५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ९०, एकूण ५९०. उरले २,५५१. पुढे ८ तारखेला एका मुलाचे राहिलेले ६०० फोनवरून जमा झाले. शिल्लक ३,१५१. १० तारखेला हप्ता पुन्हा लागला आणि ४९ रुपये कमी पडले म्हणून पुन्हा परत गेला.

आता ५ तारखेचा तो ५९० चा दंड क्षणभर बाजूला काढा. ३,१४१ अधिक ६००, म्हणजे ३,७४१. हप्ता जाऊन वर ५४१ उरले असते. दुसऱ्यांदा हप्ता परत गेला तो तुमच्या खर्चामुळे गेला नाही ताई, पहिल्या दंडामुळे गेला. बँकेनं आधी पैसे कापले, त्या कापण्यानं खातं कमी पडलं, आणि कमी पडलं म्हणून पुन्हा कापले. मी हा हिशेब तीनदा करून बघितला. तुमच्या दिरांनाही बसवून दाखवा. ते वसुलीचं काम करतात, त्यांना एका नजरेत कळेल.

एकूण गेले २,२५७. त्यातले बँकेकडे १,३५७, फायनान्सकडे ९००. बँकेनं घेतलेल्यात २०७ रुपये नुसता जीएसटी आहे, म्हणजे तुमच्या ५९ रुपयांच्या तुटीवर सरकारलाही त्याच्या साडेतीनपट मिळाले. सभेत जे बोलतील त्यांच्यापैकी हे कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

तर, चूक तुमची का? हो, ५ तारखेला ५९ रुपये कमी होते, ही चूक तुमची. त्याबद्दल दिरांशी भांडू नका. बँकेनं परत गेलेल्या हप्त्याबद्दल काही फी घेणं मलाही गैर वाटत नाही. हप्ता आला, तपासला, परत पाठवला, यात यंत्रणा लागते. आणि दंडच नसेल तर तारीख पाळायची सवय मोडते, हेही मी काउंटरवरून पाहिलं आहे. पण चूक कुणाची, हा एक प्रश्न. चुकीला दंड किती, हा दुसरा. आपल्याकडे पहिल्या प्रश्नाचं उत्तर "तुझीच" असं आलं की दुसरा विचारायची सोयच उरत नाही. माणूस मान खाली घालून घरी जातो. तुमचे मिस्टर "गप्प बस" म्हणतात ते याच लाजेपोटी, रागापोटी नाही.

दंड किती, हे मापायला एक साधी फूटपट्टी आहे. समजा बँकेनं ते ५९ रुपये तुम्हाला पाच दिवस उसने दिले असते आणि वर्षाला १८ टक्के व्याज लावलं असतं. व्याज किती झालं असतं? जेमतेम १५ पैसे. तुम्ही दिलेत ५९०. आणि ज्याचा पन्नास हजारांचा हप्ता परत जातो, त्यालाही तुमच्या बँकेत तेवढेच ५९० लागतात.

आपल्याकडे साध्या बचत खात्यात शिल्लक उणे जाऊ देत नाहीत, हप्ता सरळ परत करतात. अमेरिकेत पद्धत वेगळी. तिथे बँक बऱ्याचदा पैसे जाऊ देते, खातं उणे करते आणि त्याची फी लावते. त्याला ओव्हरड्राफ्ट फी म्हणतात. ती बरीच वर्षं ३५ डॉलरच्या आसपास होती, मग तुम्ही किराणा घेतलेला असो की नुसती कॉफी. तिथल्या ग्राहक संरक्षण यंत्रणेनं डिसेंबर २०२४ मध्ये नियम केला की १० अब्ज डॉलरपेक्षा जास्त मालमत्ता असलेल्या बँकांनी एक तर ५ डॉलर घ्यावेत, नाही तर आपला खरा खर्च दाखवून तेवढीच फी घ्यावी, नाही तर ते सरळ कर्ज समजून व्याजदर जाहीर करावा. बँकांचं म्हणणं होतं, फी बांधली तर आम्ही ही सोयच बंद करू आणि गरीब माणूस आणखी महागड्या सावकाराकडे जाईल. हा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. पण लोकांनी निवडून दिलेल्यांत त्यावर उघड मतदान झालं. सिनेटमध्ये ५२ विरुद्ध ४८, खालच्या सभागृहात २१७ विरुद्ध २११. मे २०२५ मध्ये ट्रम्प यांची सही झाली आणि नियम अमलात येण्याआधीच रद्द झाला.

ब्रिटनमध्ये उलटं झालं. तिथे ग्राहकांच्या बाजूनं लढणारी सरकारी यंत्रणा सर्वोच्च न्यायालयात गेली आणि नोव्हेंबर २००९ मध्ये हरली. सगळ्यांना वाटलं विषय संपला. पण दहा वर्षांनी तिथल्या नियामकानंच ठरवलं की ठरावीक रकमेचा दंड बंद, खातं उणे गेलं तर फक्त वार्षिक व्याज. एप्रिल २०२० पासून ते लागू आहे. बँकांनी मग व्याज ४० टक्क्यांच्या आसपास नेलं. त्यावर तिथे आरडाओरडही झाली. पण त्या ४० टक्क्यांनी तुमच्या ५९ रुपयांचं पाच दिवसांचं व्याज काढलं तर ३२ पैसे होतं. एवढं लांबचं सांगायचं कारण इतकंच, की "नियम म्हणजे नियम" असं दीर म्हणतात तेव्हा तो नियम कुणीतरी माणसांनीच लिहिलेला असतो, आणि तो लिहिला जातो तसा बदललाही जातो.

आपल्याकडेही बदलला आहे, आणि तोही फार जुना इतिहास नाही. १९९९ पर्यंत बँकांच्या सेवांचे दर त्यांची संघटना ठरवायची. मग बँकांना मोकळीक मिळाली. रिझर्व्ह बँकेची अट एवढीच, की दर वाजवी असावेत आणि सेवेच्या सरासरी खर्चापासून फार लांब जाऊ नयेत. एप्रिल २०१७ मध्ये स्टेट बँकेनं मिनिमम बॅलन्सचा दंड पुन्हा सुरू केला. जनधन खात्यांचा बोजा आहे, तो कुठून तरी भरून काढायला हवा, असं त्या वेळी बँकेकडून सांगितलं गेलं. एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत या दंडातून १,७७१ कोटी जमा झाले, आणि त्याच वर्षाच्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीतला बँकेचा निव्वळ नफा होता १,५८१ कोटी. हे दोन आकडे वर्तमानपत्रांत शेजारी-शेजारी छापून आले. त्यानंतर दंड आधी कमी झाला आणि मार्च २०२० मध्ये माफ झाला.

ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यसभेत एका प्रश्नाला तेव्हाचे अर्थराज्यमंत्री भागवत कराड, आपल्या मराठवाड्याचे, यांनी उत्तर दिलं: २०१८ पासून सरकारी बँका आणि पाच मोठ्या खासगी बँकांनी मिनिमम बॅलन्सच्या दंडापोटी २१,००० कोटींहून जास्त घेतले. ज्यादा एटीएम व्यवहार आणि एसएमएसचे पैसे धरले तर बेरीज ३५,००० कोटींच्या वर जाते. २०२४ च्या जुलैत लोकसभेत सांगितलं गेलं की नुसत्या सरकारी बँकांनी पाच वर्षांत सुमारे ८,५०० कोटी घेतले. विरोधकांनी तो आकडा उचलला, राहुल गांधींनी त्यावर जाहीर टीका केली. सरकारचं उत्तर होतं की जनधन, पगार आणि साधी मूलभूत बचत खाती या दंडातून वगळलेली आहेत. ते खरंही आहे. २०२५ मध्ये कॅनरा बँकेनं जूनपासून आणि पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक, बँक ऑफ इंडिया यांनी जुलैत हा दंड काढून टाकला. त्याच ऑगस्टमध्ये आयसीआयसीआय बँकेनं शहरी भागातल्या नव्या खात्यांसाठी किमान सरासरी शिल्लक ५०,००० केली, केवढा गदारोळ झाला, आणि काही दिवसांतच ती १५,००० वर आणली. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा तेव्हा म्हणाले की किमान शिल्लक किती ठेवायची हे ज्या त्या बँकेनं ठरवायचं, ते आमच्या नियमनाच्या कक्षेत येत नाही.

ताई, ही शेवटची ओळ नीट लक्षात ठेवा. तिच्यावरूनच पुढचा सगळा सल्ला आहे.

मी पंचवटीतल्या एका शाखेत होते तेव्हाची गोष्ट. भाजी विकणाऱ्या एक आजी यायच्या. पासबुक दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं, वर रबर. गॅसची सबसिडी आली का, एवढंच विचारायच्या. एकदा मी पासबुक मशीनमध्ये घातलं, छापून आलं. सबसिडी जमा झाली होती आणि त्याच्या खालच्याच ओळीत दंड म्हणून गेली होती. शिल्लक होती तेवढीच. आजींना वाचता येत नव्हतं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हणाले, "आजी, सिस्टिमनं कापले." त्या "बरं" म्हणाल्या, रबर लावलं आणि गेल्या. नोटा छापतात त्या नाशिकरोडच्या प्रेसपासून ती शाखा काही फार लांब नव्हती. तेव्हा मी त्यांचं खातं बदलून द्यायला हवं होतं. दहा मिनिटांचं काम होतं. मी केलं नाही. अजूनही तो रबर लावण्याचा आवाज मला आठवतो, आणि म्हणून तुमच्या पत्राला एवढं लांब उत्तर लिहिते आहे.

आता काय करायचं ते.

सगळ्यात आधी ते १७७ रुपये धरा. ते रकमेनं सगळ्यात छोटे आहेत, पण तुमची बाजू तिथे सगळ्यात भक्कम आहे. रिझर्व्ह बँकेचा २० नोव्हेंबर २०१४ चा आदेश आहे, १ एप्रिल २०१५ पासून लागू. खात्यातली शिल्लक किमानपेक्षा खाली गेली तर बँकेनं ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्रानं स्पष्ट कळवायचं. शिल्लक भरायला कमीत कमी एक महिना द्यायचा. तरीही भरली नाही तरच दंड, आणि तोही जेवढी रक्कम कमी पडली तिच्या प्रमाणात. नुसत्या या दंडामुळे खातं उणे जाता कामा नये, असंही त्यात आहे. तुम्ही लिहिता की तुम्हाला एकही मेसेज आला नाही. आधी हे तपासा की बँकेत तुमचा आत्ताचा नंबर आहे की जुना. पुष्कळदा तिथेच घोळ असतो. नंबर बरोबर असेल तर अर्जात सरळ विचारा: मला कोणत्या तारखेला, कोणत्या मार्गानं कळवलं? महिन्याची मुदत कधीपासून धरली? माझी किती रक्कम कमी होती आणि १५० (१७७ मधून जीएसटी वगळून) हा आकडा तिच्यावरून कसा काढला?

त्याच अर्जात १० तारखेच्या ५९० बद्दल लिहा. वर आपण केलेला हिशेब चार ओळींत मांडा आणि "दुसऱ्या वेळचा आकार (दंड) परत मिळावा ही विनंती" असं लिहा. हा तुमचा कायद्यानं मिळालेला हक्क आहे असं मी म्हणणार नाही. पण शाखाप्रमुखाला एखादा आकार परत करायची सोय बऱ्याच ठिकाणी असते, आणि असा स्वच्छ हिशेब समोर आला की नाही म्हणणं जड जातं. आवाज चढवू नका. काउंटरवरची मुलगी हे दर ठरवत नाही.

फायनान्स कंपनीकडे वेगळा अर्ज. कराराच्या प्रतीत हप्ता परत गेल्याचा आकार किती लिहिलाय ते बघा. लिहिल्यापेक्षा जास्त घेतला असेल तर तिथेच सापडेल. कर्जाच्या अटी मोडल्याबद्दल जो दंड लावतात त्यावर पुन्हा व्याज चढवायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट २०२३ चा आदेश आहे. पुढच्या स्टेटमेंटला तेही तपासा. आणि मुख्य मागणी ही, की हप्त्याची तारीख १५ करून द्या. तुमचे पैसे येतात १२ पर्यंत आणि हप्ता ५ ला, याला हिशेबातला कच्चेपणा म्हणत नाहीत. स्कूटर घेताना शोरूममध्ये टेबलावर बसलेल्या मुलानं सगळ्यांना लावतात ती तारीख लावली आणि तुम्ही सही केलीत, एवढंच. तारीख बदलायला नवीन मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता कापायची परवानगी, भरून घेतात, थोडे दिवस जातात, तोवर ४ तारखेला शिल्लक बघायची सवय ठेवा. हप्ता परत गेलाच तर न विचारता पुन्हा लावू नका, आधी फोन करा, असंही त्यांना लेखी द्या.

पुढच्या वेळी अशी तूट पडली तर फोनवरच्या झटपट कर्जाच्या ॲपकडे मात्र मुळीच जाऊ नका. शेजारणीकडून शंभर रुपये घ्या.

खातं कुठलं ठेवायचं, हेही या निमित्तानं ठरवा. मूलभूत बचत खातं नावाचा प्रकार २०१२ पासून सगळ्या बँकांत आहे. किमान शिल्लक शून्य, एटीएम कार्ड फुकट, महिन्यातून किमान ४ वेळा पैसे काढणं फुकट, पैसे भरण्याला मर्यादा नाही. तुमच्यासारख्या डब्याच्या धंद्याला पुरेसं आहे. अट अशी की त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही, म्हणून आहे तेच बदलून घ्यायचं. काउंटरवर "असं खातं आमच्याकडे नाही" म्हणाले तर लेखी द्या म्हणा. हप्ता परत गेल्याचा आकार मात्र या खात्यालाही लागू शकतो, म्हणून तारखेचं काम आधी. जनधन खातं असेल तर त्यात १०,००० पर्यंत ओव्हरड्राफ्टची सोय आहे, २,००० पर्यंत फारशा अटी नाहीत. खातं सहा महिने नीट चाललेलं असावं लागतं. तुमचं आहे का ते पत्रात नाही.

अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही, चौकशीचा फोन १४४४८, आणि पोस्टानं पाठवायचा अर्ज मराठीतही चालतो.

आणि इथे गव्हर्नरांची ती ओळ परत येते. लोकपाल नियम मोडला का ते बघतो. मला कळवलं नाही, महिना दिला नाही, प्रमाणात लावला नाही, हे त्याच्यापुढे चालेल. "५९ रुपयांना ५९० फार झाले" हे नाही चालणार, कारण दर ठरवणं हा बँकेचा व्यावसायिक निर्णय धरतात आणि तो त्याच्या कक्षेबाहेर आहे. शाखाप्रमुख म्हणेल वरून ठरतं, लोकपाल म्हणेल माझ्याकडे येत नाही, रिझर्व्ह बँक म्हणते बँकेनं ठरवावं. मग हे विचारायचं कुणाला? निवडून दिलेल्यांना. म्हणून तुमच्या सभेच्या प्रश्नाला मी "राजकारणात पडू नका" असं उत्तर देणार नाही. दंड किती वाजवी, हा प्रश्न राजकारणाचाच आहे, आणि त्यात तुमचं तोंड उघडणं योग्यच आहे.

फक्त आपल्या अटींवर जा. आधी त्यांना विचारा, तुमची मागणी नेमकी काय? "बँकांची लूट थांबवा" ही घोषणा झाली. मागणी अशी हवी की कुणाला तरी हो किंवा नाही म्हणावं लागेल. मला विचाराल तर एकच मागा: मिनिमम बॅलन्सला २०१४ पासून जो नियम आहे, की आधी कळवा, मुदत द्या, आणि दंड तुटीच्या प्रमाणात घ्या, तोच परत गेलेल्या हप्त्याला लावा. आणि एकाच हप्त्याला महिन्यात एकदाच. यात बँक बुडत नाही, खर्च तर निघतोच. मला तरी यापेक्षा साधी आणि नाकारायला अवघड मागणी दिसत नाही.

बोलायला उभ्या राहिलात तर पहिलं वाक्य हेच असू द्या, की माझे ५९ रुपये कमी होते. ते तुम्हीच सांगितलंत की दुसऱ्या कुणाला ते काढून दाखवायची संधी राहत नाही. मग स्टेटमेंट हातात घेऊन तारीख आणि रक्कम, तारीख आणि रक्कम, एवढंच वाचा. कार्यकर्त्यांनी "पाच हजार गेले म्हणा" असं सुचवलं तर खाली उतरा. खाते क्रमांक, पॅन, आधार कुणाच्या फोनमध्ये जाऊ देऊ नका, स्टेटमेंटच्या वरच्या भागावर कागद चिकटवा. व्हिडिओ आधी स्वतः बघायचा आणि मगच पुढे जाऊ द्यायचा, हे ठरवून घ्या. आणि मिस्टरांना सोबत न्या. घरचा माणूस समोर बसलेला असला की आवाज कापत नाही.

सभेला जायला मन घेत नसेल तरी हरकत नाही. तोच हिशेब एका पानावर लिहून खासदारांच्या कार्यालयात द्या, पक्ष कुठलाही असो, आणि संसदेत विचारा म्हणून लिहा: परत गेलेल्या हप्त्यांवर बँकांनी किती कोटी घेतले? मिनिमम बॅलन्सचा आकडा बाहेर आला तो अशाच प्रश्नांमुळे. आणि एकट्या माणसाच्या हिशेबानं काय होतं, असं दीर म्हणाले तर त्यांना आयआयटी मुंबईच्या आशिष दास या प्राध्यापकांचं सांगा. मूलभूत बचत खात्यांत महिन्याला चारपेक्षा जास्त व्यवहार झाले की स्टेट बँक प्रत्येकी १७ रुपये ७० पैसे कापत होती, अगदी फोनवरून दिलेल्या पैशांवरसुद्धा. त्यांनी ते मोजून मांडलं. ३० ऑगस्ट २०२० ला प्रत्यक्ष कर मंडळानं सगळ्या बँकांना सांगितलं की १ जानेवारी २०२० पासून अशा डिजिटल व्यवहारांवर घेतलेले आकार परत करा. सुरुवात झाली ती १७ रुपये ७० पैशांपासून.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. चौदा जणांचे डबे, त्यात कुणाला भात नको, कुणाचा गुरुवार, कुणाची रात्रपाळी, आणि महिनाअखेरीस प्रत्येकाचे खाडे वजा करून पैसे सांगणारी बाई हिशेबात कच्ची नसते. स्टेटमेंटच्या फोटोच्या कडेला तुमची वही दिसते आहे. त्यात प्रत्येक मुलाच्या नावापुढे आखलेल्या उभ्या रेघा मी बघितल्या.

सोमवारी शाखेत सकाळी लवकर जा, गर्दी कमी असते. अर्जाचा नमुना मी वेगळा पाठवते आहे, मोकळ्या जागा भरा आणि सही करा. पोचेच्या शिक्क्यावरची तारीख पुष्कळदा पुसट उठते. ती वाचता येते का ते काउंटरवरच बघा, नसेल तर पेननं लिहून घ्या. तुमचे ३० दिवस त्याच तारखेपासून मोजले जाणार आहेत.